आवडाबाईची चादर

“पिन ओढा, आवडाबाई. बॉम्ब नाही तो.”

आवडाबाईनं आग विझवायचं ते लाल नळकांडं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं, तान्हं मूल धरावं तसं. पिन काही निघत नव्हती. सकाळपासून अकरा जणांचे कपडे बदलून, अंगं पुसून, भात भरवून तिच्या बोटांत जोर उरला नव्हता. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, आणि तिसऱ्यांदा पिन निघाली ती थेट शेजारच्या द्वारकाबाईच्या पायावर जाऊन पडली.

“आता दांडा दाबा. नळी ज्वाळेवर नको, बुडाशी धरा. आग बुडाशी असते. वर दिसतो तो नुसता तिचा तोरा.”

पत्र्याच्या डब्यात पेटवलेल्या चिंध्यांवर पांढरी पूड फसफसली आणि आग विझली. आवडाबाईच्या साडीवर, केसांवर, भुवयांवर पूड बसली.

“आक्का, गिरणीतून आल्यावानी दिसायलीस,” द्वारकाबाई म्हणाली.

“गप गं. तुझी पाळी यायचीय अजून.”

जालना रोडच्या आत, मुकुंदवाडीच्या अंगाला, हे दुमजली शुश्रूषागृह होतं. खाली डॉक्टरांची तपासणीची खोली, स्वयंपाकघर, आणि चालत्याफिरत्या म्हाताऱ्यांच्या दोन खोल्या. वरच्या मोठ्या खोलीत अकरा खाटा. त्या खाटांवरची माणसं स्वतःच्या पायांनी वर आलेली नव्हती आणि स्वतःच्या पायांनी खाली जाणार नव्हती. राज्यात दोन-तीन दवाखान्यांना आगी लागल्यापासून असल्या सगळ्या ठिकाणांना नोटिसा आल्या होत्या. नुसती नळकांडी टांगून भागणार नव्हतं, माणसांना ती वापरता आली पाहिजेत. म्हणून व्यवस्थापक नानासाहेबांनी वैजनाथरावांना बोलावलं होतं.

वैजनाथरावांची तीस वर्षं अग्निशमन दलात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते शाळा, मंगल कार्यालयं आणि दवाखाने असे शिकवत फिरत. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. एकच गोष्ट तीनदा सांगत, आणि मग समोरच्याकडून वदवून घेत. त्यांनी खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि बायकांसमोर धरली.

“धूर कुठं चालला?”

“वर,” सगळ्या म्हणाल्या.

“मग माणसानं कुठं राहायचं?”

“खाली.”

“शाब्बास. आगीत माणूस भाजून कमी मरतो, धुरानं गुदमरून जास्त मरतो. म्हणून वाकायचं, जमिनीशी राहायचं, ओला फडका नाकाला. लिफ्ट असली तरी वापरायची नाही. खोलीतून शेवटचा माणूस बाहेर आला की दार ओढून घ्यायचं. द्वारकाबाई, सांगा बघू, दार कशाला ओढायचं?”

“चोर शिरू नाय म्हनून.”

हसून झाल्यावर वैजनाथरावांनी शांतपणे पुन्हा सांगितलं, धूर बाहेर पसरू नये म्हणून. आवडाबाई हसली नाही. तिला गुडघे दुखत होते आणि वरच्या मजल्यावर कारभारी म्हाताऱ्यांच्या नाकातल्या नळीत अजून दूध सोडायचं राहिलं होतं.

तिचं वय अठ्ठावन्न. नवरा चिकलठाण्याच्या कारखान्यात होता, तो गेला त्याला तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून ती इथं. पोरगी लग्न होऊन वाळूजला गेली. तिचं स्वतःचं असं आता जे काही होतं ते त्या अकरा खाटांपाशी होतं. कोणाला भातात मीठ लागतं, कोणाला कूस बदलताना डाव्या खांद्याला धरलं की ओरडायला होतं, कोण तहान लागली तरी मागत नाही, हे कागदावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं एवढंच.

दुपारी सगळे वर गेले. वैजनाथरावांनी खोलीच्या मधोमध उभं राहून खाटा मोजल्या, दार बघितलं, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. एकोणीस.

“हे बघा,” ते म्हणाले, “स्ट्रेचर एकच आहे आणि माणसं अकरा. म्हणून स्ट्रेचरची वाट बघायची नाही. खाटेशेजारी जमिनीवर चादर अंथरायची. दोघींनी माणूस अलगद तिच्यावर उतरवायचा. चादर त्याच्याभोवती गुंडाळायची आणि डोक्याकडून धरून ओढत दारापर्यंत न्यायचं. फरशीवर ओढायला जोर लागत नाही, करून बघा. चादर तेवढी मजबूत पाहिजे. आवडाबाई, तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या. आहे का एखादी?”

“हाय की.”

आवडाबाई कपाटाशी गेली. खालच्या खणातून तिनं निळ्या पट्ट्यांची जाड सोलापुरी चादर काढली आणि दाराजवळच्या खाटेपाशी, लक्ष्मीबाईंच्या शेजारी, एका झटक्यात जमिनीवर पसरली. वर्षानुवर्षांच्या सवयीनं पसरली. चारही कोपरे सरळ, एक सुरकुती नाही.

खोलीतलं बोलणं बंद पडलं.

लक्ष्मीबाईंनी आधी चादरीकडं बघितलं, मग आवडाबाईकडं. चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई, कमरेखालून हलत नसलेली, पण तिनं खाटेची लोखंडी कड अशी पकडली की बोटं पांढरी पडली.

“आवडे, माझं एवढ्यात नाय गं! माझ्या लेकीला येऊ दे. पिशोरहून येऊ दे तिला. तवर नको गं घेऊ खाली!”

“माय, अवं तसं नाय...”

“मला काय बी झालं नाय! सकाळी भात खाल्ला म्या, तूच चारलास ना?”

पलीकडं कारभारी म्हातारे भिंतीकडं तोंड फिरवून रामराम पुटपुटायला लागले. कोपऱ्यातल्या एका आजींनी मोठ्यानं रडायला सुरुवात केली. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले तात्यासाहेब, ज्यांचं डोकं सगळ्यांत शाबूत, तेही चष्मा काढून बसले. वैजनाथरावांना काही उमगेना. आपण काही वाईटसाईट बोललो का म्हणून त्यांनी द्वारकाबाईकडं पाहिलं.

आवडाबाई चादर तशीच टाकून उभी होती. मग ती वाकली, चादर गोळा केली, छातीशी घेतली आणि बाहेर गेली. लक्ष्मीबाईंना रक्तदाब मोजायचं यंत्र डॉक्टरांना स्वतः वर येऊन लावावं लागलं.

संध्याकाळी नानासाहेबांनी तिला कचेरीत बोलावलं. नानासाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांच्या टेबलावर नोटीस होती आणि नोटिशीवर तारीख होती.

“पुढच्या गुरुवारी अधिकारी येणार, आवडाबाई. वरची तीन माणसं त्यांच्यासमोर खाली आणून दाखवायचीत. जमलं नाही तर वरचा मजला रिकामा करा म्हणतील. अकरा जणांना घरी पाठवायचं. कोणाची घरं कशी आहेत, तुम्हाला सांगायला नको.”

“व्हय.”

“आज जे झालं...” नानासाहेबांनी पेन खालीवर केलं. “तुमची चूक नाही. पण त्या दिवशी तुम्ही सुट्टी घ्या. आणि त्यानंतर खाली स्वयंपाकघर बघा. पगार तोच राहील.”

“वरचं कोन बघंल मंग?”

“द्वारकाबाई आहे, दुसरी एक घेऊ. ज्यांना तुमच्या हाताची धास्ती वाटते, त्यांच्यापाशी तुम्हाला कसं ठेवू मी?”

 आवडाबाई बाहेर येऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. तेवीस वर्षांत ती त्या पायरीवर कधी बसली नव्हती, चढायची नाहीतर उतरायची.

वैजनाथराव आपली नळकांडी पिशवीत भरत होते. ते येऊन दोन पायऱ्या सोडून बसले.

“मी काय चुकलो ते तरी सांगा, बाई. पुढच्या ठिकाणी उपयोगी पडेल.”



“मी नवीन लागले होते,” आवडाबाई म्हणाली. “एक म्हातारबाबा रात्री खाटंवर गेले. सकाळी पोरगा आला पुन्याहून. त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. माझा बाप खाटंवर गेला, खाली घ्यायला एक मानूस नव्हतं का म्हने. तवापासून मी ध्यान ठेवायला लागले. पाय गार पडाय लागले, नाक वाकडं झालं, श्वास वर लागला, की मला कळतंय. घरचे येऊ नाय तर ना येऊ. मी चादर टाकते, खाली घेते, तोंडात तुळशीचं पानी घालते. कोनी सांगितलं नाय मला. कामात बी धरत नाहीत ते.”

“किती जण?”

“मोजले नाय. साठ असतील. जास्त बी असतील.”

“आणि चादर तीच.”

“तीच. चांगली जाड हाय म्हनून ती ठेवली. तुमी मजबूत मागितली, मी काढली. डोक्यातच आलं नाय बघा.” तिनं पदरानं भुवयांवरची उरलेली पूड पुसली. “मला वाटायचं, ह्यांना माझा आधार वाटतोय. आन् ह्ये माझ्या हाताकडं बघून दिवस मोजायलेत.”

 वैजनाथरावांनी चप्पल काढून पाय मोकळे केले.

“माझी बहीण सिडकोत राहायची,” ते म्हणाले. “ड्यूटी संपवून गणवेशातच तिच्याकडं जेवायला जायचो. गल्लीत शिरलो की बायका दारात यायच्या, कोणाचं घर पेटलं, कोण गेलं. एकदा तर एका बाईनं रडायला सुरुवातच केली. मी हातात वांग्याची पिशवी घेऊन उभा.”

“मंग?”

“मग काय. जात राहिलो. रोज वांगी, रोज मेथी. वर्षभरानं त्या बायकांनी विचारायला सुरुवात केली, भाऊ, आज काय भाजी.”

एवढं बोलून ते उठले आणि गेले. आवडाबाई अंधार पडेपर्यंत बसली नाही, वर कारभारींची नळी बघायची होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता, चहा झाल्यावर, तिनं कपाटातून तीच चादर काढली. खोलीतली डोकी वळली. लक्ष्मीबाईंचा हात कडेवर गेला. आवडाबाई कोणाच्याच खाटेजवळ गेली नाही. खोलीच्या बरोबर मधे तिनं चादर पसरली, गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली बसली आणि उताणी झोपली.

द्वारकाबाई कपबशा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. “आक्का! काय झालं गं तुला?”

“काय नाय झालं. ओढ मला.”

“कामून?”

“ओढ म्हनते ना. डोक्याकडून धर.”

द्वारकाबाईनं कपबशा ठेवल्या, चादर धरली आणि ओढली. आवडाबाई फरशीवरून सरकत निघाली. पहिल्या वळणाला तिचं डोकं खाटेच्या पायाला आपटलं.

“जरा बघून! मानूस हाय, पोतं नाय.”

“पोतं हलकं असतंय, आक्का.”

दारापर्यंत जाऊन चादर परत आली. कोणी हसलं नाही, पण कोणी रडलंही नाही. तात्यासाहेबांनी चष्मा चढवला.

“आवडाबाई, गेलात का काय?”

“अजून नाय, तात्यासाहेब. मरायला फुरसत कुठंय?”

“मग उठून दाखवा.”

उठणं हेच खरं अवघड होतं. ती आधी कुशीवर वळली, मग एक हात टेकला, मग खाटेचा पाय धरला. गुडघ्यानं दगा दिला, ती पुन्हा बसली. पुन्हा धरलं. अकरा जण बघत होते. ज्यांना स्वतःला कूस बदलता येत नव्हती ती माणसं मान लांब करून एका बाईचं उठणं बघत होती. शेवटी ती उभी राहिली तेव्हा कपाळावर घाम आला होता.

“उठले,” ती म्हणाली. “चादरीवर झोपलं म्हनजी मानूस जातंच असं नाय. दिसलं ना?”

 दुसऱ्या दिवशी चार वाजता ती पुन्हा झोपली. तिसऱ्या दिवशी तिच्या जागी द्वारकाबाई झोपली आणि ओढताना आवडाबाईची दमछाक झाली, तेव्हा तात्यासाहेब खाटेवरूनच सूचना द्यायला लागले, “कंबर वाकवू नका, मागे सरकत जा, मागे.” सगळी नोकरी लोकांना कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगण्यात गेली होती, त्यांना हे जमत होतं. मात्र वैजनाथराव शुक्रवारी पुन्हा आले आणि जिन्यात माणूस पाय पुढे करून उतरवायचा असं म्हणाले, तेव्हा त्यांनीच हरकत घेतली.

“पाय पुढे करून जिवंत माणूस घराबाहेर काढतात का, साहेब?”

“डोकं वर राहावं म्हणून, तात्यासाहेब. डोकं खाली गेलं तर श्वास लागेल. आणि डोक्याशी जी बाई असेल तिला तुमचं तोंड दिसतं, तुमच्याशी बोलता येतं. जिन्यात माणसाशी बोलत राहायचं, हाही नियम आहे.”

तात्यासाहेबांनी विचार केला आणि मान डोलावली. “नियम असेल तर हरकत नाही.”

सोमवारी आवडाबाई लक्ष्मीबाईंना वरण-भात भरवत होती. तीन-चार दिवस लक्ष्मीबाई तिच्या हातून खात होत्या, पण तिच्याकडं बघत नव्हत्या. मधेच त्यांनी तोंड मिटलं.

“आवडे, फरशी गार हाय का गं?”

“चादर जाड हाय, माय. लागत नाय.”

“टोचत बिचत?”

“वळनावर एकदा डोकं लागलं, ते द्वारकीच्या हातनं. मी न्हेलं तर लागू देनार नाय.”

लक्ष्मीबाईंनी घास घेतला, सावकाश चावला.

“सोडनार नाय ना मला तिथंच? खाली?”

“तुमाला सोडून मी वर येईन का?”

“मंग घे. पर तूच घे. ती द्वारकी लई हासती.”

मंगळवारी लक्ष्मीबाई चादरीवर उतरल्या. आवडाबाईनं काखेखाली हात घातले तेव्हा त्या बाईचं सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं आणि डोळे गच्च मिटले होते. दारापर्यंत नेलं, परत आणलं, खाटेवर ठेवलं. मग त्यांनी एक डोळा उघडला. “झालं?” त्यांनी विचारलं. “एवढंच?”

गुरुवारी घंटा वाजली. अधिकारी अंगणात हातात कागद घेऊन उभे होते. नानासाहेबांनी आवडाबाईला सुट्टीची आठवण करून दिली नाही. ती वरच होती. स्वयंपाकीण मुख्य बटण बंद करायला पळाली, द्वारकाबाईनं ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, आणि आवडाबाई लक्ष्मीबाईंचं डोकं मांडीवर घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. तिच्या गुडघ्यांना उभ्यानं ते जमणार नव्हतं, म्हणून ती एकेक पायरी बसत बसत उतरली. पायांकडं द्वारकाबाई. एक पायरी, पुन्हा एक पायरी. “बोलत राहा,” वैजनाथराव खालून म्हणाले. काय बोलावं ते आवडाबाईला सुचेना, म्हणून तिनं पायऱ्या मोजल्या.

अंगणात आल्यावर ऊन लागलं. लक्ष्मीबाईंनी डोळे बारीक केले. चार वर्षांनी त्या जमिनीवर आल्या होत्या. त्यांनी कडूलिंबाच्या झाडाकडं बघितलं, भिंतीपलीकडच्या रस्त्याकडं बघितलं, तिथून एक लाल बस गेली.

“कुठं चालली गं ती?”

“जालन्याला असंल.”

“भरून चाललीय,” लक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

मागोमाग आणखी दोघं खाली आल्यावर अधिकाऱ्यांनी सही केली. दर महिन्याला एकदा असाच सराव घ्यावा, असंही खाली लिहिलं. नानासाहेबांनी ती सही दोनदा बघितली आणि मग कोणाकडंही न बघता म्हणाले, “आवडाबाई वरच राहतील.”

पुढच्या महिन्यात तीन नव्हे, पाच जण उतरले. त्याच्या पुढच्या महिन्यात कारभारींनीही नळीसकट जायचं म्हणून हट्ट धरला. सरावाच्या आधी म्हाताऱ्या वेणी घालून घेत. कोणी रुमाल मागे, कोणी अत्तराचा बोळा. चादर निघाली की माना उंचावत. आवडाबाईला त्याचं बरं वाटायचं, आणि रात्री पाठ टेकली की तेच तिला खायचं. आधी चादर बघून ज्याचं त्याला कळायचं. कोणी हात जोडायचं, कोणी पोराचं नाव घ्यायचं, एका आजोबांनी तर तिच्याकडं बघून नुसतं बरंय म्हटलं होतं. आता कळणार कोणाला, आणि कसं?

माघ संपता संपता लक्ष्मीबाईंनी अन्न सोडलं. डॉक्टर बघून गेले, आता दवाखान्यात नेण्यात अर्थ नाही म्हणाले. पिशोरला फोन केला. लेक निघाली होती, कन्नडला गाडी बदलायची होती. दुपारी एकच्या सुमाराला आवडाबाईनं लक्ष्मीबाईंच्या पायाला हात लावला आणि काढून घेतला. मग पुन्हा लावला.

ती कपाटाशी गेली. चादर काढली, खाटेशेजारी पसरली. चारही कोपरे सरळ केले.

“आज कुठं तारीख आहे?” तात्यासाहेब उशीवरून म्हणाले. “सराव तर सोमवारी.”

 आवडाबाई खाटेवर वाकली. माय, देवाचं नाव घ्या, असं तिला म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात लक्ष्मीबाईंनी डोळे उघडले. खाली पसरलेली चादर बघितली. आणि कडेवरचा हात सोडून दोन्ही हात वर केले, तिच्या गळ्याकडं.

“अंगनात न्हेतीस?”

आवडाबाई त्या हातांकडं बघत राहिली. चुड्यांच्या आत मनगटं एवढीशी झाली होती.

“व्हय,” ती म्हणाली. “चला.”

बोलून गेल्यावर तिला मागं फिरता येईना. फरशीवर खाटेशेजारी ठेवून, तोंडात पाणी घालून, वाट बघत बसायचं, हे एवढी वर्षं तिनं केलं होतं. पण ह्या बाईला तिनं चला म्हटलं होतं. तिनं दारातून हाक मारली, “द्वारके, ये.”

द्वारकाबाई आली, लक्ष्मीबाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं हसू तिथंच विरलं. “आक्का, आत्ता? जिन्यात काय झालं तर?”

“तू पाय धर. सावकाश.”

लक्ष्मीबाईंना चादरीवर घेऊन दोघी जिन्याशी आल्या. आवडाबाई वरच्या पायरीवर बसली, डोकं मांडीवर घेतलं. एक. लक्ष्मीबाईंचा श्वास वर लागला होता, मधेच थांबत होता. दोन. प्रत्येक पायरीवर आवडाबाई थांबली. आगीत थांबायचं नसतं, हे तिला पाठ होतं. तीन. चार. गुडघ्यातून कळ आली, ती गिळून ती मोजत राहिली.

अकराव्या पायरीपाशी नानासाहेब कचेरीतून बाहेर आले. “हे काय चाललंय? कोणी सांगितलं? माणूस इतका...” ते पुढं आले आणि त्यांना लक्ष्मीबाईंचा चेहरा दिसला.

“सराव हाय, नानासाहेब,” आवडाबाई म्हणाली.  “लक्ष्मीबाईंचा.”

 नानासाहेबांनी चपला काढून बाजूला सारल्या, चार पायऱ्या चढून आले आणि चादरीचा मधला काठ दोन्ही हातांनी उचलून धरला. बारा. तेरा. बाकीच्या पायऱ्या तिघं मिळून उतरले.

लिंबाची पानं झडत होती. त्यांनी लक्ष्मीबाईंना झाडाखाली, मोकळ्या मातीवर चादरीसकट ठेवलं. द्वारकाबाई तुळशीच्या कुंडीकडं गेली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, कुठली तरी बस थांबली, कंडक्टरनं घंटी ओढली, बस निघाली. लक्ष्मीबाईंचे डोळे अर्धे उघडे होते. त्यांना दिसत होतं की नाही, कोण सांगणार. त्यांनी एकदा माती चाचपली. बोटांत थोडी आली, ती त्यांनी धरून ठेवली.

द्वारकाबाईनं पळीनं पाणी घातलं. अर्धं आत गेलं, अर्धं गालावरून ओघळलं.

“तुमची लेक निघालीय, माय,” आवडाबाई म्हणाली. “कन्नडपर्यंत आली असंल.”

श्वास आला. मग बराच वेळ आला नाही. मग एकदा आला.

वरच्या खिडकीत काहीतरी हललं. खिडकीशेजारच्या खाटेवर तात्यासाहेबांनी कसंबसं कोपरावर अंग उचलून, गजांना धरून खाली बघितलं होतं. इतक्या लांबून त्यांना एवढंच दिसत असणार की लिंबाखाली चादर आहे, चादरीवर लक्ष्मीबाई आहेत, शेजारी आवडाबाई बसली आहे. त्यांनी हात हलवला, सरावाच्या दिवशी हलवायचे तसा.

आवडाबाईनं मान वर केली. नानासाहेब दुसरीकडं बघत होते, द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला होता. आवडाबाईनं एक हात वर करून तात्यासाहेबांना दाखवला. दुसरा हात तिनं लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांवर, ऊन लागू नये म्हणून, आडवा धरला होता. आता ऊन लागलं तरी चाललं असतं. तो हात तिनं तसाच धरून ठेवला.